डोक्यामागचा शक

गुढीपाडव्याला पंचांगातला शकाचा आकडा एकाने पुढे सरकतो. संकल्प सांगताना गुरुजी तो म्हणतात, लग्नपत्रिकेच्या डोक्यावर तो छापलेला असतो, आणि आपली नजर त्यावरून नुसती सरकून जाते. प्राचीन नाणी जमवायला सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाचं माझं उत्तर या आकड्यापासून सुरू होतं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत गुजरात, सौराष्ट्र आणि माळव्यावर राज्य करणाऱ्या पश्चिमी क्षत्रपांनी चांदीची नाणी पाडली. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे याच गणनेतलं वर्ष कोरलेलं असतं. अंगठ्याच्या नखाएवढं नाणं, दोन-सव्वादोन ग्रॅम वजन, आणि त्यावर राजाचं नाव, वडिलांचं नाव, दोघांच्या पदव्या आणि साल. एवढी माहिती एकट्याने सांगणारं दुसरं स्वस्त प्राचीन नाणं भारतात मिळत नाही.

आपण या शकाला शालिवाहनाचं नाव देतो आणि शालिवाहन म्हणजे सातवाहन असं परंपरा मानते. पण सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या राज्याचं वर्ष मोजत. शकवर्ष सातत्याने नाण्यावर घातलं ते क्षत्रपांनी, ज्यांच्याशी सातवाहनांनी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली. शत्रूची कालगणना विजेत्याच्या नावाने आपल्या घरात नांदते आहे. हा गुंता पुस्तकात वाचून समजतो खरा, पण नाणं हातात धरून आकडा वाचला की तो पक्का बसतो.

बहुतेकांची सुरुवात उलट्या टोकाने होते. घरात आजोबांच्या डब्यात शिवराई, ढबू पैसा, एखादा राणी छाप रुपया सापडतो. मग बाजारात किंवा ऑनलाइन शंभर मिश्र नाण्यांचा लॉट घेतला जातो, त्यात एक कुषाण, दोन गधैया, चार ओळख न पटणारे तांब्याचे तुकडे. सहा महिन्यांनी डबा भरतो, पण एकाही नाण्याबद्दल दोन वाक्यं सांगता येत नाहीत, आणि उत्साह तिथेच सुकतो. नाणी कमी पडल्यामुळे छंद सुटल्याचं क्वचितच दिसतं. वाचता न आल्यामुळे मात्र तो हमखास सुटतो. म्हणून आधी एक मालिका निवडायची, ती वाचायला शिकायचं आणि मगच पैसे बाहेर काढायचे.

इतर मालिकांनी सुरुवात का करू नये, हेही सांगायला हवं. चांदीची आहत नाणी, म्हणजे सुटे ठसे मारून केलेली, सर्वांत जुनी, ३.३ ग्रॅमच्या आसपासची, पत्र्यातून कापून आणि वजन जुळवण्यासाठी कोपरे छाटून केलेली. मौर्य काळातल्या अशा नाण्यांच्या, म्हणजे कार्षापणांच्या, एका बाजूला पाच वेगवेगळे ठसे मारलेले असतात: सूर्य, षडरचक्र (सहा आऱ्यांचं चक्र), डोंगर, हत्ती, बैल. त्यांची मोहिनी जबरदस्त आहे. पण त्यांच्यावर अक्षर नाही, राजाचं नाव नाही, आणि ठसे एकमेकांवर चढलेले असल्यामुळे पाचही ओळखून सूचीतला क्रमांक शोधणं हे नवख्याला थकवणारं काम आहे. सातवाहनांची नाणी आपल्या मातीतली, हत्ती आणि चार वर्तुळांच्या उज्जैन चिन्हाची, पण ती बहुतेक शिशाची, तांब्याची किंवा पोटीनची. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू. लेखाची निम्मी अक्षरं चकतीच्या बाहेर गेलेली असतात आणि उरलेली झिजलेली. गधैया नाणी मुबलक आणि स्वस्त आहेत, पण त्यांवरचा इराणच्या सासानी राजाचा चेहरा पिढ्यान्‌पिढ्या नकलेची नक्कल होत रेघा आणि ठिपक्यांपर्यंत येऊन पोचला आहे. त्याचा अर्थ लावायला मूळ चेहरा आधी माहीत असावा लागतो. या सगळ्यांकडे यायचंच आहे, पण दुसऱ्या वर्षी.

आता क्षत्रप नाणं उलटसुलट करून पाहू. दर्शनी बाजूला राजाचं मस्तक, उजवीकडे पाहणारं. डोक्यावर टोपी, मानेवर रुळणारे केस, मिशी ठसठशीत. चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरांसारख्या रेघोट्या दिसतात. त्या वाचायच्या भानगडीत पडू नये. पूर्वी भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांची नाणी चालत, त्या ओळखीच्या रूपाची ती उरलेली सावली आहे. सुरुवातीच्या नहपान या क्षत्रपाच्या काळी ग्रीक लेख अजून अर्थपूर्ण होता, पुढे तो नक्षी झाला. मागच्या बाजूला मध्यभागी तीन कमानींचा डोंगर, ज्याला बरेच जण चैत्य म्हणतात. वर चंद्रकोर, बाजूंना कोर आणि सूर्य, खाली नागमोडी रेघ. आणि कडेने गोल फिरणारा ब्राह्मी लेख. सगळा आनंद त्या गोल लेखात आहे.

पूर्ण ब्राह्मी शिकण्याआधीच हा लेख वाचता येतो. त्याचा साचा ठरलेला आहे: ‘राज्ञो महाक्षत्रपस अमुकपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस तमुकस’. काही वेळा ‘राज्ञः क्षत्रपस’. म्हणजे वीस-बावीस अक्षरं पाठ केली की काम भागतं. ‘प’ पेल्यासारखा उघडा, ‘र’ उभी रेघ, ‘ज’ तीन दात्यांच्या फणीसारखा आणि ‘ज्ञो’मध्ये त्याच्या पोटाखाली ‘ञ’ लटकलेला. ती जोडाक्षराची गुंतागुंत नाण्यावर दोनदा येते, त्यामुळे ती सापडली की आपण कुठे आहोत ते कळतं. लेख नेमका कुठे सुरू होतो हे घड्याळातल्या बारासारखं ठरलेलं नसतं. त्यावर सोपी युक्ती अशी: आधी ‘पुत्रस’ शोधायचं. तिथून मागे गेलं की बाप, पुढे गेलं की राजा.

काय चुकतं तेही आधीच माहीत असलेलं बरं. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. अक्षरांचे माथे नाण्याच्या कडेकडे असतात, त्यामुळे चकती जरा लहान पडली की वरच्या मात्रा आणि वेलांट्या आधी कापल्या जातात. ‘सेन’चं ‘सन’ दिसतं, ‘सिंह’चं ‘सह’. नवखा मनुष्य दिसतं तसं वाचतो आणि सूचीत नसलेला राजा शोधून काढतो! मात्रा नसेल तर ती नव्हतीच असं धरू नका. पुढचं व्यंजन पाहा. ‘स’नंतर ‘न’ असेल तर सेन, ‘ह’ असेल तर सिंह.

वडिलांचं नाव किती कामाचं आहे, याचं उत्तम उदाहरण म्हणजे तीन रुद्रसेन. पहिला रुद्रसेन रुद्रसिंहाचा मुलगा. दुसरा वीरदामाचा. तिसरा स्वामी रुद्रदामाचा. नुसतं ‘रुद्रसेनस’ वाचून सव्वाशे-दीडशे वर्षांची चूक होऊ शकते. वडिलांच्या नावातली दोन अक्षरं दिसली की प्रश्न मिटतो. पदवीही बोलते. क्षत्रप हा धाकटा सहराज्यकर्ता आणि महाक्षत्रप थोरला. दुसऱ्या रुद्रसेनाच्या नाण्यावर वडील वीरदामा नुसते ‘क्षत्रप’ आणि मुलगा ‘महाक्षत्रप’ असं आढळतं, कारण वीरदामा त्या पदापर्यंत पोचलाच नाही. एका घरातला वारसाहक्काचा चढउतार अशा एका शब्दाच्या फरकाने कळतो.

समजा, दिव्याखाली एवढंच दिसलं: ‘…त्रपस द.स.प.त्रस र…क्षत्रपस व.ज.स.स’. ‘पुत्रस’ सापडलं. त्याच्या मागचं ‘द-स’ म्हणजे दामसेन. दामसेनाची मुलं वीरदामा, यशोदामा, विजयसेन आणि दामजदश्री. चारच पर्याय उरले. पुढे ‘व-ज-स’ म्हणजे विजयसेन. आता नाणं पालटायचं आणि डोक्यामागचे आकडे पाहायचे. वरून खाली शंभरचं चिन्ह, साठचं चिन्ह, सातचं चिन्ह. शक १६७. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २४५. विजयसेन शकाच्या १६०च्या दशकात राज्यावर होता, तेव्हा नाव आणि साल एकमेकांना साक्ष देतात. जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, पण नाण्यावर महिना नसतो, म्हणून नोंदीत २४५/४६ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

या आकड्यांत शून्य नाही आणि स्थानानुसार किंमत बदलत नाही. एक, दोन, तीन या आडव्या रेघा. चार ते नऊ यांना स्वतंत्र चिन्हं, दहा ते नव्वद यांना स्वतंत्र, मग शंभर. शंभरच्या चिन्हाला उजवीकडे एक फाटा दिला की दोनशे, दोन दिले की तीनशे. एकवीस चिन्हांचा तक्ता एका पोस्टकार्डावर मावतो. अडचण अशी की एककाचं चिन्ह सर्वांत खाली, मानेजवळ येतं आणि तेच बहुतेक वेळा कापलेलं असतं. दशकापर्यंत वाचता आलं तर समाधान मानावं आणि नोंदीत ‘१६×’ असं लिहावं. रिकामी जागा अंदाजाने भरण्याचा मोह आवरायलाच हवा. एकदा भरलेला आकडा पुढे खरा समजला जातो.

या मालिकेतलं एक चकवणारं नाणंही सांगून ठेवतो. ईश्वरदत्त नावाच्या महाक्षत्रपाने वडिलांचं नाव घातलं नाही आणि शकही वापरला नाही. ‘वर्षे प्रथमे’, ‘वर्षे द्वितीये’ असं स्वतःचं राज्यवर्ष लिहिलं. घराण्याबाहेरचा माणूस मध्येच घुसला होता, हे त्या न लिहिलेल्या ‘पुत्रस’वरूनच कळतं.

साधनं फारशी लागत नाहीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि मान वळवता येणारा टेबललॅम्प. दिवा सरळ डोक्यावर ठेवला की झिजलेलं नाणं सपाट दिसतं. तो खाली आणून उजेड नाण्याच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर सोडला, की उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. नाणं हळूहळू पूर्ण फिरवत राहायचं. एका कोनात न दिसलेली मात्रा दुसऱ्या कोनात दिसते. हाताखाली जाड मऊ कापड हवंच. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी आतून कणीदार आणि ठिसूळ होते. नाणं फरशीवर पडलं तर बिस्किटासारखं तुटतं.

वजन आणि व्यास हे पहिलं गाळण. क्षत्रप नाणं साधारण १४ ते १६ मिलिमीटर, वजन बहुधा १.८ ते २.४ ग्रॅमच्या दरम्यान. तीन ग्रॅम भरलं तर शंका घ्या. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड, ते काढायची घरगुती रीत बऱ्याच जणांना माहीत असते: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लटकवायचं, तळाला आणि कडेला टेकू द्यायचं नाही, आणि वाढलेल्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. चांदी १०.५, तांबं ८.९, शिसं ११.३. पण ही रीत लहान नाण्याला फसवते. २.२० ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याने आकडा ०.२१ ने वाढतो. काटा ०.०१ ने चुकला तर उत्तर १० येतं किंवा ११, म्हणजे निष्कर्ष काहीच नाही. सोळा ग्रॅमच्या कुषाण तांब्याला मात्र ती छान लागू पडते. शिशाचं म्हणून विकलेलं दहा ग्रॅमचं सातवाहन नाणं पाण्यात ०.८८ च्या जवळ आकडा दाखवायला हवं. १.४ दाखवलं तर तो आजचा हलका पांढरा धातू.

बनावट नाण्यांबद्दल घाबरवणारं बरंच बोललं जातं. कारण समजून घेतलं तर भीती कमी होते. अस्सल नाणं दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याने पाडलेलं असतं. घावाने धातू बाहेरच्या दिशेला पळतो, म्हणून अक्षरांच्या कडा तुटक-धारदार असतात, कडेजवळ केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात आणि काठाला चिरा पडतात. ओतलेली नक्कल साच्यातून येते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत होतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं राहतात आणि काठावर साच्याची शिवण असते किंवा ती घासून काढल्याची कानशीची खूण. आणखी एक पक्की खूण आहे. एकाच ठशाने पाडलेली दोन नाणी जुळतात ती चित्रात. चकतीचा आकार, चिरा, ठसा किती बाजूला सरकला, हे दर वेळी निराळं असतं. दोन नाण्यांची चीर, सरकलेला ठसा आणि खरचटलेला ओरखडासुद्धा सारखा असेल, तर त्यातलं निदान एक ओतीव आहे. म्हणून विकायला आलेल्या नाण्यांचे फोटो साठवत राहावेत.

नवे ठसे कोरून, खऱ्या चांदीत, बरोबर वजनाची पाडलेली नक्कल अधिक धोक्याची. तिथे काटा आणि भिंग दोन्ही गप्प बसतात. पण कोरणाऱ्याला ब्राह्मी वाचता येत नसेल तर तो चित्र म्हणून अक्षरं उतरवतो. मग बापाचं नाव एका पिढीचं आणि मुलाचं तिसऱ्याच पिढीचं येतं. साल राजाच्या कारकिर्दीबाहेर जातं. ‘क्ष’ची एखादी मधली रेघ निसटते. ज्याला लेख वाचता येतो त्याच्याकडे ही चूक लपत नाही. वाचन आधी आणि खरेदी नंतर, असं मी सांगतो त्यामागे हेही कारण आहे.

विकत घेताना चेहऱ्याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रेता किंमत लावतो ती नाक-डोळे रेखीव असलेल्या मस्तकाची. मस्तक बेताचं पण मागचा लेख तीन चतुर्थांश उमटलेला, अशी नाणी बरीच कमी किमतीत मिळतात आणि शिकवतात जास्त. पहिली पाच नाणी दुसरा रुद्रसेन, विजयसेन, भर्तृदामा, विश्वसेन, तिसरा रुद्रसेन अशा मुबलक राजांची घ्यावीत. दुर्मीळ राजा स्वस्तात मिळतोय असं वाटलं, तर विक्रेत्याचं अज्ञान हा शेवटचा पर्याय धरावा. खरेदीआधी खरी नाणी डोळ्यांखालून गेलेली असावीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था, या तिन्ही ठिकाणी दोन-दोन तास काचेपलीकडून पाहिलेलं नाणं पुढे हातातल्या नाण्याचा निवाडा करायला मदत करतं.

कायद्याचा भाग कोरडा आहे, पण टाळता येत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं हा १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष आहे. ते देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून एखादं क्षत्रप नाणं सामानात घालून देणं हा गुन्हा ठरतो, हेतू कितीही प्रेमाचा असो. पुरावशेष विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. त्याच्याकडून पावती घ्यावी, पावतीवर नाण्याचं वर्णन आणि वजन लिहून घ्यावं. आणि शेत नांगरताना, पाया खणताना नाण्यांचं मडकं निघालं तर ते १८७८च्या निखात निधी कायद्याखाली येतं. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

ही कटकट वाटते त्यांनी जोगलटेंभीचा विचार करावा. १९०६ साली नाशिकजवळच्या या गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. मागे बाण आणि वज्र, भोवती ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या. हा साठा मोजला गेला, तपासला गेला, आणि लक्षात आलं की यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या नावचा लेख आहे. त्यात मुलाला ‘खखरातवसनिरवसेसकर’ म्हटलंय, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. एरवी ती राजस्तुती म्हणून सोडून दिली असती. पण एकाच मडक्यातल्या दोन तृतीयांश नाण्यांवर जेत्याचा ठसा आणि एक तृतीयांशांवर नाही, हे प्रमाण सांगतं की नहपानाचा पैसा बाजारातून गोळा करून नव्या नावाने फिरवायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. तो साठा वाटेत पाच सराफांकडे फुटला असता तर नाणी उरली असती, पण हे प्रमाण हरवलं असतं. शेतातून आलेली, माती लागलेली, ‘न धुतलेली’ नाणी किलोवर विकणाऱ्याकडून घेऊ नयेत, ते याचसाठी.

त्याच लेण्यांत नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यात पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा भाव दिलाय. विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) दोन हजार कार्षापण ठेव ठेवून दरमहा शेकडा एक व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा (वस्त्रांचा) खर्च चालवण्याची व्यवस्थाही नोंदली आहे. नाण्यांचा छंद लागलेल्याने तो लेख एकदा तिथे उभं राहून पाहावा.

घरी आणलेल्या नाण्याचा सर्वांत मोठा शत्रू आपलं स्वच्छतेचं प्रेम. देवघरातली भांडी चिंचेने लख्ख करायची सवय हाताला असते. चिंच, लिंबू, राख, पावडर यांतलं काहीही प्राचीन नाण्याला लावू नये. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर नाण्याचं कवच असतो. तो गेला की खालचा तपशीलही जातो आणि परत येत नाही. सैल माती काढायची तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस भिजवावं, पाणी रोज बदलावं, बांबूच्या टोकदार काडीने हलकेच उचलावं, कापडावर टिपून पूर्ण सुकवावं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. चांदीला तेवढंही करू नये.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळा खरी परीक्षा घेतो. तांब्याच्या नाण्यात जमिनीतले क्लोराइड क्षार अडकलेले असतात. हवेतला दमटपणा मिळाला की त्यांपासून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. खूण अगदी ठळक आहे: फिकट पोपटी, बोटाला लागणारी भुकटी. ती दिसल्याबरोबर ते नाणं वेगळं काढावं आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावं. रासायनिक उपचार घरी करू नयेत. त्यातली द्रव्यं विषारी आहेत, ते काम संग्रहालयाच्या संवर्धकाचं. सिलिका जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून तो पुन्हा वापरता येतो. शिशाच्या नाण्यांचं दुखणं निराळं. लाकडाच्या, प्लायवूडच्या खणातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी पूड धरते. सुंदर सागवानी पेटी करून घेतली आणि त्यात सातवाहनांचं शिसं ठेवलं, की काही वर्षांत पूडच हाती येते. शिशाला हात लावल्यावर हात धुवावेत, तेही विसरू नये.

मऊ, वास येणारी पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं तर नकोतच. त्यांतून पाझरणारं चिकट द्रव्य आणि आम्ल नाण्यावर हिरवट थर चढवतं. मायलर म्हणजे पॉलिएस्टरची कडक पाकिटं किंवा आम्लरहित कागदाचे छोटे लिफाफे घ्यावेत.

लिफाफ्यावर लिहिणं हा संग्रहाचा अर्धा जीव आहे. क्रमांक, धातू, वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, पुढच्या बाजूच्या तुलनेत मागची बाजू घड्याळाच्या किती वाजता आहे ते, कुणाकडून कधी कितीला घेतलं ते. लेख लिहिताना दिसलेली अक्षरं जशीच्या तशी आणि आपण पुरवलेली चौकटी कंसात: ‘राज्ञो म[हा]क्षत्रपस दा[म]सेनपुत्रस’. यामुळे दहा वर्षांनी आपलंच वाचन तपासता येतं, आणि आपल्यानंतर डबा ज्याच्या हाती जाईल त्याला नुसती चकत्यांची रास मिळत नाही. फोटो राखी कागदावर, एका बाजूने येणाऱ्या मंद उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा.

दहा-बारा क्षत्रप नाणी वाचून झाली की पुढची वाट आपोआप दिसते. गुजरात जिंकल्यावर दुसऱ्या चंद्रगुप्ताने मस्तक तेच ठेवलं, डोंगराच्या जागी गरुड आणला आणि गुप्त संवत घातला. इकडे त्रैकूटक घराण्यातल्या राजांनी, दह्रसेन आणि व्याघ्रसेनाने, डोंगर तसाच राखला. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाच्या लहानग्या चांदीच्या नाण्यावर डोंगर जाऊन नंदी बसला, तरी पुढच्या बाजूचं मस्तक सुटलं नाही. नाशिक-मुंबई पट्ट्यात ही नाणी बरीच सापडली आहेत, आणि ‘परममाहेश्वर’ (शिवाचा परमभक्त) हा शब्द वाचायला फार प्रयास पडत नाहीत. सातवाहनांकडे वळलात तर उलटी गंमत: क्षत्रप बापाचं नाव लावतात, सातवाहन आईचं. गोतमिपुत, वासिठिपुत. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. त्यावर राजाचा चेहरा आहे, म्हणजे शत्रूच्या नाण्याची धाटणी सातवाहनांनीही उचलली होती.

आणि कधीतरी परवानाधारक विक्रेत्याकडे, किंवा संग्रहालयाच्या काचेखाली, नहपानाचं पुन्हा छापलेलं नाणं समोर येईल. ते पहिल्यांदा नुसतं खराब झालेलं वाटतं, रेघांवर रेघा. घाई करू नका. आधी सर्वांत उठावदार काय आहे ते शोधा: कमानींचा डोंगर, मागे चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह, कडेला ‘रञो गोतमिपुतस’ची दोन-तीन अक्षरं. हा वरचा थर मनातून बाजूला करा. मग उजेड खाली आणा आणि नाणं पाव फेरी फिरवा. डोंगराच्या पायथ्याशी एक वळणदार रेघ निघते, ती नाकाची असते. तिच्याखाली ओठ, मागे कानाजवळचे केस, आणि काठाशी अजून न पुसलेली दोन-चार ग्रीक अक्षरं.